घरचा संगणक जुळवताना : काय लागतेच, काय नसले तरी चालते

आमच्या प्रतिनिधीकडून

अहिल्यानगर : दहावी-बारावीचे निकाल लागले, की मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांसाठी संगणक घ्यायचा, तर तयार घ्यावा की सुटे भाग आणून जुळवून घ्यावा? लॅपटॉप आणि मोबाईलच्या जमान्यातही हा प्रश्न निकालात निघालेला नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सनदी लेखापालांच्या कार्यालयात उमेदवारी करणारी मुलगी, लग्नपत्रिका छापणारा मुद्रक, गावातले 'आपले सरकार सेवा केंद्र' चालवणारा तरुण या सर्वांना दिवसभर चालणारे आणि बिघडलेच तर एखादा भाग बदलून पुन्हा उभे राहणारे यंत्र हवे असते.

दुकानदार मग एक कागद हातात ठेवतो. त्यावर दहा-बारा ओळी, आखूड नावे, आकडे आणि तळाशी बेरीज. व्यवहारात याला 'कोटेशन' म्हणतात. बहुतेक ग्राहक फक्त तळाचा आकडा वाचतात आणि दुसऱ्या दुकानातल्या आकड्याशी ताडून पाहतात. वास्तविक दोन कागदांतला फरक कोणत्या ओळीतून निघाला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. तो बहुधा अशा भागातून निघालेला असतो, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

एकमेकांना ओळखणारे भाग

तैवानच्या कंपनीचा मदरबोर्ड, अमेरिकी कंपनीचा प्रोसेसर, कोरियन कंपनीची रॅम आणि दिल्लीहून आलेली पेटी ही सगळी मंडळी एकमेकांशी जुळतात तरी कशी? याचे मूळ १९८१ सालात आहे. आयबीएमने त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. घाई असल्यामुळे कंपनीने बहुतेक भाग स्वतः न घडवता बाजारातून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता. यंत्राची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून प्रसिद्ध केली. परिणामी थोड्याच वर्षांत त्याच्याशी मिळतीजुळती यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची रांग लागली आणि सुट्या भागांचा एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे मानक आणले. बोर्डाची मापे, स्क्रूची छिद्रे, वीजपुरवठ्याची जोडणी हे सर्व त्यात ठरवून दिलेले होते. आज कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही पेटीत बसतो, तो या मानकाच्या पुण्याईवर.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट मोकळी होऊ लागली आणि नव्वदच्या दशकात 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरांत शिरला. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांत संगणक वर्ग उघडले. या वर्गांना स्वस्तात दहा-पंधरा यंत्रे हवी असत आणि ती दुरुस्त करणारा माणूस जवळ असावा लागे. जिल्ह्याच्या ठिकाणी सुट्या भागांची दुकाने टिकली, त्याला हेही एक कारण म्हटले पाहिजे. माल मात्र तेव्हाही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून येई.

टेबलावरची चाचणी

'अत्यावश्यक भाग कोणते?' या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर मिळते. संगणक सुरूच होत नसेल, तर अनुभवी कारागीर मदरबोर्ड पेटीबाहेर काढतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो. त्यावर प्रोसेसर, प्रोसेसरवर पंखा, रॅमची एकच पट्टी, वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या आणि मॉनिटरची तार, एवढेच तो ठेवतो. पेटीचे बटण जोडलेले नसल्याने पेचकसाच्या टोकाने बोर्डावरचे दोन खिळे क्षणभर एकमेकांना टेकवतो. पंखा फिरला आणि पडद्यावर 'सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाची ओळ उमटली, की यंत्र जिवंत आहे.

या चाचणीत हार्ड डिस्क नाही, कीबोर्ड नाही, पेटीही नाही. म्हणजे नुसते जागे होण्यासाठी संगणकाला लागतात त्या पाच वस्तू : मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅम, वीजपुरवठा आणि चित्र बाहेर पाठवण्याची सोय. उपयोगाचे काम करण्यासाठी त्यात साठवणुकीची डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि कार्यप्रणाली यांची भर पडते. रंगीबेरंगी दिवे, काचेची बाजू, पाण्यावर चालणारा शीतक आणि गरज नसताना घातलेले ग्राफिक्स कार्ड हा सारा नंतरचा थाट आहे. कोटेशन हातात आले, की आधी या पाच ओळी शोधाव्यात.

मेंदू आणि त्याची बैठक

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला 'सॉकेट' म्हणतात आणि प्रत्येक सॉकेटचे कुळ ठरलेले असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर 'एलजीए १७००' या सॉकेटमध्ये बसतात. एएमडीचे जुने रायझेन 'एएम ४'मध्ये, तर २०२२ नंतरचे 'एएम ५'मध्ये. दोन्ही ओळींत हे नाव एकच आहे ना, एवढे पाहिले तरी मोठी फसगत टळते.

दुसरी अडचण नावातल्या एका अक्षराची आहे. इंटेलचा 'कोअर आय ३ १२१००' हा चार गाभ्यांचा प्रोसेसर घरकामाला पुरेसा आहे आणि चित्र दाखवण्याची सोय त्याच्या पोटातच आहे. त्याच नावापुढे 'एफ' लागला, की ती सोय नाहीशी होते आणि किंमत थोडी उतरते. ग्राहकाला वाटते, स्वस्तात मिळाले. घरी आल्यावर पडदा काळाच राहतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते. एएमडीच्या 'रायझेन ५ ५६००' आणि '५६०० जी' या दोघांतही हाच फरक आहे. 'जी' असेल तर पडदा उजळतो. पत्रव्यवहार, हिशेब, आंतरजाल, ऑनलाइन शिकवणी आणि चित्रपट यांसाठी अंगभूत ग्राफिक्स पुरते. त्रिमितीय आरेखन, चित्रफितींचे संपादन किंवा मोठे खेळ यांचा विचार असेल, तरच कार्डाकडे वळावे. तेही नंतर घालता येते.

बोर्ड घेताना भपक्यापेक्षा मागच्या बाजूची भोके मोजावीत. जुना प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारे यंत्र, पेन ड्राइव्ह, कीबोर्ड आणि माऊस एकाच वेळी लागणाऱ्या सेवा केंद्रचालकाला चार यूएसबी कमी पडतात. रॅमच्या खाचा दोनच असल्या तरी चालते. त्यातली एक आज रिकामी ठेवावी, म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्वस्त बोर्डांवर वायफाय नसते. ब्रॉडबँडची तार टेबलापर्यंत येत नसेल, तर यूएसबीला लावायचे वायफायचे छोटे उपकरण त्याच कागदावर लिहून घ्यावे.

स्मरण आणि साठवण

रॅम हे काम चालू असतानाचे टेबल आणि डिस्क हे कपाट, ही जुनी उपमा अजूनही चपखल आहे. टेबल लहान असले, की माणूस सारखा कपाटाकडे धावतो आणि काम रेंगाळते. आज नव्या यंत्रात ८ गिगाबाइटपेक्षा कमी रॅम घेऊ नये. १६ असेल तर उत्तम. विंडोज ११ साठी कागदोपत्री ४ गिगाबाइट पुरतात, पण एवढ्यावर ब्राऊझरची पाच-सात पाने उघडली तरी यंत्र दमते. 'डीडीआर ४' आणि 'डीडीआर ५' या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतो; बोर्ड मात्र ज्या प्रकारासाठी केलेला असेल, तोच घेतो.

रॅमच्या भावाबद्दल सावध राहावे लागेल. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड माहितीकेंद्रांकडे कारखान्यांचा माल वळल्याने २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत हे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने किरकोळ बाजारातली आपली 'क्रुशियल' ही नाममुद्रा बंद करण्याचा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केला. अशा वेळी कोटेशन पंधरा दिवसांचे जुने असेल, तर ते नव्याने मागावे आणि अवाच्या सवा स्वस्त पट्टीपासून दूर राहावे.

साठवणीसाठी आता एसएसडीच घ्यावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शे-दोनशे मेगाबाइट वाचते, साधी सॅटा एसएसडी सुमारे साडेपाचशे, तर बोर्डावर थेट बसणारी एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. घरगुती वापरात या शेवटच्या दोघींतला फरक फारसा जाणवत नाही. तबकडी आणि एसएसडी यांतला मात्र पहिल्याच मिनिटाला कळतो. २५६ गिगाबाइट ही किमान पातळी समजावी. छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती असा मोठा पसारा असेल, तर जोडीला मोठी हार्ड डिस्क ठेवता येते.

दुर्लक्षित डबा

आता कोटेशनमधल्या त्या ओळीकडे येऊ, जिथे खरी काटछाट होते. पेटीच्या मागच्या बाजूला पंख्यासह बसणारा लोखंडी डबा म्हणजे 'एसएमपीएस'. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह घेऊन तो बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा सरळ, स्थिर प्रवाह देतो. संगणकातल्या प्रत्येक भागाचे अन्न याच्याच हातचे असते. तरीही 'कॅबिनेटसोबत एसएमपीएस मोफत' अशी ओळ वाचून ग्राहक खूश होतो.

असा मोफत डबा हातात घेतला, की तो रिकाम्या टिनासारखा हलका लागतो. आत लाट आणि खवखव अडवणारे घटकच गाळलेले असतात. वेष्टनावर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असले, तरी तो प्रत्यक्षात तेवढे देईल याची खात्री नसते. साध्या संगणकाला एवढ्याची गरजही नसते, ही गोष्ट वेगळी. वर उल्लेखलेला आय ३ प्रोसेसर जोरात असताना ८९ वॅटपर्यंत घेतो. ग्राफिक्स कार्ड नसलेले अख्खे यंत्र मॉनिटरसह बहुतेक वेळ शंभर वॅटच्या आसपास भागवते. म्हणून मोठा आकडा शोधण्याऐवजी खरा आकडा शोधावा. नामांकित कंपनीचा ४०० ते ४५० वॅटचा, '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला डबा घ्यावा. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज तो यंत्रापर्यंत पोहोचवतो, उरलेलीच उष्णता होऊन जाते. डब्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहावे.

नगर जिल्ह्यात ही ओळ पुण्या-मुंबईपेक्षा अधिक मोलाची आहे. पाथर्डी, जामखेड, अकोले यांसारख्या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर रोहित्रावर कृषिपंपांचा भार आला, की दाब खाली येतो आणि पंप एकदम बंद झाले, की तो उसळतो. १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब सहन करणारे एसएमपीएस मिळतात. स्वस्त डब्यांवर मात्र अजूनही मागे लाल बटण असते, त्याच्या एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३० असे लिहिलेले असते. लहान मुलाने ते चाळा म्हणून ११५ कडे सरकवले आणि मग यंत्र सुरू केले, तर आतले कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. अशा वेळी डबा एकटा जात नाही; कधीकधी बोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो. तीनशे-चारशे रुपये वाचवताना पणाला लागते ते हे, आणि डिस्कवरचा प्रकल्प अहवाल किंवा ग्राहकांचे दाखले तर कोणत्याही वॉरंटीत परत मिळत नाहीत.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ती पेटीची खोड समजून सोडून देऊ नये. एसएमपीएसमधला लाट अडवणारा घटक किंचित प्रवाह लोखंडी अंगाकडे सोडतो आणि तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाणे अपेक्षित असते. मुंग्या येतात, याचा अर्थ बहुधा घरातल्या तीन पिनांच्या जागेला अर्थिंगच नाही. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळते. वायरमनला बोलावण्याचा खर्च संगणकाच्या अंदाजपत्रकातच धरावा.

भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस ही अपरिहार्य वस्तू होती. आज वीज पूर्वीइतकी जात नसली, तरी झटक्यासरशी जाऊन येण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साध्या संगणकाला काम जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्यावर तासभर चित्रपट पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याचे बटण 'यूपीएस' स्थितीत आहे ना, ते पाहावे. साध्या स्थितीत वीज बदलायला त्याला जो क्षणभराचा वेळ लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडतो.

धूळ, उन्हाळा आणि पेटी

प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी हा भाग बऱ्याचदा प्रोसेसरच्या खोक्यातच मिळतो आणि साध्या कामाला पुरतो. दोघांच्या मध्ये लावायची उष्णतावाहक पेस्ट त्याला आधीच लावलेली असते. वेगळी लावायची झाल्यास वाटाण्याएवढी पुरे. येथे 'जास्त घातले तर बरे' हा गृहिणीचा न्याय चालत नाही.

पेटीच्या बाबतीत शोभा बाजूला ठेवून हवेचा विचार करावा. पुढून हवा आत यावी आणि मागून बाहेर जावी. काचेने पुढची बाजू बंद केलेल्या देखण्या पेट्या नगरच्या मे महिन्यात भट्टी होतात. पुढे जाळी असलेली, धुळीची गाळणी काढून धुता येईल अशी पेटी निवडावी आणि ती जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा विटेएवढ्या उंचीवर ठेवावी. केरसुणीची सगळी धूळ खालच्याच हवेतून आत जाते. वर्षातून दोनदा, यंत्र बंद करून आणि तार काढून, पंखा बोटाने धरून फुंकणीने साफ केला, तर अनेक 'बिघाड' होतच नाहीत.

कीबोर्ड आणि माऊस कोणताही चालेल. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागतो, हा गैरसमज मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. इनस्क्रिप्ट मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आलेली असते. भाषा निवडायची, एवढेच काम. मॉनिटरमध्ये जोडणीची तार कोणती, हे पाहावे. नव्या बोर्डावर एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरवर फक्त निळ्या टोकाची व्हीजीए, अशी गाठ पडली तर परिवर्तक घ्यावा लागतो.

जुन्या यंत्राचे काय?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक घरांतली आणि कार्यालयांतली धडधाकट यंत्रे अधिकृतपणे बाद ठरली. ती लगेच भंगारात घालण्याचे कारण नाही. त्यात एसएसडी बसवून, रॅम ८ गिगाबाइट करून लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी मोफत कार्यप्रणाली टाकली, तर विद्यार्थ्याला आणखी काही वर्षे काढता येतात. कार्यालयीन कामाला मात्र आपल्या सॉफ्टवेअरची आणि डिजिटल स्वाक्षरीच्या उपकरणाची लिनक्सशी जुळणी आधी तपासावी.

जुन्या यंत्राची तारीख रोज मागे जात असेल, तर बोर्डावरची नाण्याएवढी, तीन व्होल्टची 'सीआर २०३२' बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली, की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि सेवा केंद्रावरचा माणूस नेटवर्कला दोष देत बसतो. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. जे भाग खरोखर निकामी झाले असतील, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत संकलकाकडे द्यावेत.

बिल आणि पहिली सुरुवात

प्रोसेसर, बोर्ड, रॅम, डिस्क यांवर १८ टक्के जीएसटी आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर तो पूर्वी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ वर आला. 'बिलाशिवाय घेतले तर एवढे कमी' हा सौदा गोड वाटतो, पण वॉरंटीचा दावा बिलावरच उभा असतो. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. प्रोसेसर बंद खोक्यातला असेल, तर त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. नुसत्या प्लास्टिकच्या तबकातून काढून दिलेल्याला ती कंपनीकडून थेट मिळत नाही. त्या नाममुद्रेचे सेवा केंद्र नगरमध्ये आहे की भाग घेऊन १२० किलोमीटरवरच्या पुण्याला जावे लागेल, हेही पैसे मोजण्याआधी विचारावे.

स्वतः जुळवणी करणाऱ्यांनी बोर्ड आणि पेटी यांच्यामध्ये पितळी आधार-बोल्ट लावल्याची खात्री करावी, अन्यथा बोर्डाची पाठ लोखंडाला टेकून शॉर्ट होते. काम सुरू करण्याआधी पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिरविद्युत उतरवावी. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळा राहिला, तर घाबरून लगेच भाग बदलू नयेत. रॅमची पट्टी 'टक्' आवाज होईपर्यंत दाबलेली आहे का आणि बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र वीजजोडणी लावली आहे का, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा तीच राहिलेली असते. डीडीआर ५ रॅम असलेले नवे यंत्र पहिल्या वेळी स्मृतीची ओळख करून घेण्यात काही मिनिटे घेते. तेवढा वेळ बटणाला हात लावू नये.